तिच्या तोंडची झी

"बॅच नंबर झी फोर वन," बायको म्हणाली आणि केमिस्टचं पेन जागच्या जागी थांबलं.

मुदत संपलेली औषधं कंपनीला परत पाठवायची होती. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. ती खोक्यांवरचे आकडे वाचत होती, तो बिलाशी ताडून पाहत होता. आजवर ती त्या अक्षराला झेडच म्हणत आली होती. तिचं इंग्रजी म्हणजे या काउंटरवरचं इंग्रजी, त्यानेच शिकवलेलं. स्वतःच्या दारात अनोळखी चपला दिसाव्यात तसं त्याला झालं.

"काय म्हणालीस?"

"झेड," ती म्हणाली. जरा जास्तच चटकन.

त्याने मान डोलावली, पण मनात पाल चुकचुकली. मग एकेक आठवायला लागलं. परवा एका आजीबाईंना तिने व्हिटॅमिनच्या गोळ्या 'व्हायटॅमिन' म्हणून दिल्या होत्या. काल भाजी चिरताना टोमॅटोला 'टमेडो' म्हणाली होती. तेव्हा त्याने कानाआड केलं. पण या वयात जीभ काही आपोआप वळत नाही. कोणीतरी वळवतंय.

संशय गेला तो औषध कंपनीच्या प्रतिनिधीवर. गडी परदेशात राहून आलेला, दाढी सदा गुळगुळीत, वहिनी वहिनी करत चहाला टेकणारा. नेमका तेवढ्यात तोच टपकला. केमिस्टने ते खोकं त्याच्यापुढे सरकवलं.

"चष्मा सापडत नाहीये. एवढं वाचून दाखवा."

"झेड फोर वन," प्रतिनिधीने वाचलं. "व्हिटॅमिन बी." आणि तो केमिस्टच्या कपाळावरच्या चष्म्याकडे पाहत राहिला.

तो गेल्यावरही केमिस्टचा जीव काही भांड्यात पडला नाही. झी म्हणणाऱ्या मुलखात, म्हणजे अमेरिकेत, आता त्याच्या ओळखीचं एकच घर उरलं होतं. त्याच्या मनाविरुद्ध लग्न करून मुलगी तिकडे गेली, तेव्हा त्याने बजावलं होतं की या घरात तिचं नाव काढायचं नाही. बायकोने हूं की चूं केलं नव्हतं. तेव्हा त्याला ते बरं वाटलं होतं.

"तू तिच्याशी फोनवर बोलतेस," तो म्हणाला.

"बोलते."

"आणि ती तुला हे असलं बोलायला शिकवते. झेड गिरवून घेतला होता मी तिच्याकडून, मांडीवर बसवून."

"ती अजून झेडच म्हणते." बायको खोक्याला चिकटपट्टी लावत होती. "झी तिची लेक म्हणते. मी झेड म्हटलं की हसते मला. म्हणून मग मी तिच्यासारखं म्हणते."

केमिस्ट स्टुलावर बसला. मुलीला लेक आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. बायकोचा राग येण्याऐवजी त्याला तिचा हेवा वाटला, आणि त्याची लाजही वाटली.

त्याने घसा खाकरला. "नात मला काय म्हणते?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

बायकोने चिकटपट्टी दाताने तोडली.

"या घरात तिच्या आईचं नाव काढायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंत. मग त्या घरात मी तुमचं कुठल्या तोंडाने काढू?"