मऊ शिजलेले हरभरे

संध्याकाळी कौसल्येने भावाच्या ताटात हरभऱ्याची उसळ वाढली. दाण्यांचं पार पीठ झालं होतं.

"सोडा जास्त पडला का गं, अक्का?" भानुदासने विचारलं.

"चिमूटभरही घातला नाही. तुझ्या मीटरजवळून नदीचं पाणी आणलं होतं, त्यात शिजवले."

त्याचा घास हातातच राहिला. कंपनीने गावचा डोंगर दळून भुकटी शेतांत पसरली होती. ती विरघळताना हवेतला कार्बन धरेल आणि नदी तो समुद्रात नेईल, असं गावाला सांगितलं होतं. नदीच्या पाण्यात किती कार्बन विरघळला, हा मीटरवरचा रोजचा आकडा भानुदासच कंपनीला कळवायचा.

"दगड विरघळला की पाणी जड होतं, भानू. आपल्या विहिरीच्या जड पाण्यात हरभरा टणकच राहतो. मग हा कसा शिजला?"

"दगड विरघळायला फार वर्षं लागतात," तो खालमानेने म्हणाला. "कंपनीला आकडा आत्ताच हवा होता. रोज मीटरच्या वरच्या अंगाला मी सोड्याची पोती ओततो, म्हणजे आकडा चढतो."

"आणि डोंगर फोडायला गावाची संमती म्हणून घरोघरी फिरून सह्या मी घेतल्या. तुझ्या शब्दावर!"

तिने त्याच्यापुढचं ताट ओढून घेतलं.

खिडकीतून तिरपं ऊन थेट त्याच्या तोंडावर येत होतं. डोंगर होता तेव्हा या वेळी घरात दिवा लावावा लागायचा.