नातेवाईक उभे राहा

"माझ्याशी ज्यांचं नातं आहे, त्यांनी जरा उभं राहावं," खरेदी अधिकारी म्हणाले आणि शिवणवाल्या वहिनी ताडकन उठल्या.

त्यांच्या पाठोपाठ निम्मं सभागृह उठलं. सरकारी खरेदीचे नवे नियम समजावून सांगायला साहेबांनी पुरवठादारांची बैठक बोलावली होती. पहिल्याच हाकेला एवढे नातेवाईक पाहून वहिनींनी नमुन्याची पिशवी छातीशी धरली. दवाखान्याच्या पडद्यांचं काम यंदा मिळालं नाही, तर त्यांच्या शिवणखोलीला कुलूप लागणार होतं आणि तिथल्या बायका घरी बसणार होत्या. "ओळखीशिवाय तिथे पान हलत नाही," असं दिरानं बजावलं होतं. महिनाभर शोधूनही खरं नातं सापडेना, तेव्हा त्यानं एक खोटं नातंही जुळवून दिलं होतं. साहेबांच्या आत्याच्या जावेची भाची! वहिनी ते वाटभर घोकत आल्या होत्या.

साहेब एकेकाला विचारू लागले. कुणी साडूचा चुलता निघाला, कुणी मेव्हण्याचा व्याही. वहिनींच्या शेजारी पडदेवाला उभा होता. दरवर्षी हे काम त्यालाच मिळायचं. तो छाती काढून म्हणाला, "मी तर तुमचा मामेसासराच की!" साहेब हसून मान डोलावत पुढे सरकले.

"आणि तुम्ही?"

वहिनींनी तोंड उघडलं. आत्या आठवली, जाऊ आठवली, भाची काही केल्या जिभेवर येईना. आयुष्यात कधी उसवलेला टाका झाकून गिऱ्हाइकाच्या हातात दिला नव्हता. आज हे काय करायला निघालो आपण? त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"खरं सांगू साहेब? आपलं काहीही नातं नाही. महिनाभर शोधलं, सापडलंच नाही."

सगळे खो-खो हसले. पडदेवाल्याला तर हसू आवरेना. वहिनी मटकन खाली बसल्या. गेलं काम, त्यांनी मनाशी म्हटलं.

साहेबांनी चष्मा पुसला. "तर आता नवा नियम ऐका. निर्णय ज्याच्या हातात, त्याच्या नातेवाइकांना त्या खरेदीत भाग घेता येणार नाही. जे उभे आहेत, त्यांनी बाहेर चहा घ्यावा आणि निघावं. बसलेल्यांनी नमुने पुढे आणावेत."

हसू जागच्या जागी थांबलं. वहिनी पिशवीतून पडद्याचा नमुना काढू लागल्या, तसा पडदेवाला हळूच त्यांच्या कानाशी वाकला.

"वहिनी, नातं सापडू नये म्हणून महिनाभर तुम्ही नेमकं कुठे शोधलंत हो?"