शालीकराम पंडितांचा होकार

चेंडू उदेभानच्या नडगीवर आदळला आणि त्याच्या तोंडून हुंकार निसटला. शालीकराम पंडितांनी काठी खाली टेकली.

"नाही," ते म्हणाले. "अजून तयार नाही."

आटलेल्या बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, तळाशी जमलेली अर्जुनी गावची माणसे एकमेकांकडे पाहू लागली. सकाळच्या खेळात उदेभानपुढे कोणी टिकले नव्हते. चेंडू त्याच्या काठीला बिलगून धावत होता आणि अडवायला आलेले एकेक गडी रिकाम्या हाताने मागे वळत होते. तरीही पंडितांचा निर्णय हा होता.

केशोराव अस्वस्थ झाले. रेल्वेच्या हॉकी संघासाठी खेळाडू हेरायला ते गोंदियाहून आले होते. निवड झाली तर उदेभानला रेल्वेत नोकरी मिळणार होती, आणि खेळणे हेच तिचे काम असणार होते. परंतु केशोरावांनी स्वतः पंडितांच्या हाताखाली काठी धरली होती. गुरूच्या होकारावाचून या गावातला मुलगा न्यायचा नाही, हा त्यांचा नेम होता.

"गुरुजी, जागा एकच उरली आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "आज ती भरली नाही, तर कामठीचा मुलगा घेतील. पुढे माझ्या हाती काही राहणार नाही."

"जागेसाठी मी असत्य बोलू?"



पूर्वी पंडित खेळाडूची पारख वेगळ्या रीतीने करीत. मनगट पाहत, नजर पाहत, धाव पाहत. गेल्या काही वर्षांत ते व्रतस्थ झाले होते. एकभुक्त राहत, जमिनीवर निजत, आणि खेळाच्या काठ्यांसाठी बांबूची मुळे निखाऱ्यावर शेकून उघड्या हातांनी वाकवत. तपाच्या तेजाने त्यांच्या भुवया झडल्या, असे गाव आदराने सांगे. तेव्हापासून त्यांची कसोटी एकच उरली होती. नडगीवर चेंडू बसला असता ज्याला वेदना शिवत नाही, तो तयार.

बांधावरून उदेभानची आई रुख्माबाई खाली उतरली.

"काऊन मारून राहिले जी माह्या पोराले? फूल समजून नाई वाढवलं मी त्याले, पन दगड थोडीच हाये तो!"

"बाई, तू पंडितजीच्या नडगीवर मारून पाह्य," गर्दीतला केवलराम मागून म्हणाला. "चेंडूच रडंल!"

चार जण हसले. रुख्माबाई हसली नाही.

"आई, तू जा वर," उदेभान म्हणाला. मग त्याने हात जोडले. "गुरुजी, अखीन एक डाव मारा."

पंडितांनी चेंडू ठेवला आणि सर्व बळ एकवटून तडाखा दिला. या वेळी उदेभानच्या ओठांतून श्वासही बाहेर पडला नाही. कातडी फाटून नडगीवरून रक्त ओघळले. तो ताठ उभा होता.

पंडित जवळ आले. त्यांनी त्याच्या मुखाकडे निरखून पाहिले.

"ओठ गप्प राहिले. डोळा बोलला," ते म्हणाले. "पुन्हा उभा राहा."

"बस करो, पंडितजी!" केशोरावांबरोबर आलेले रेल्वेचे डॉक्टर छोटेलाल पुढे झाले. "आता हाड फुटेल."

त्यांनी उदेभानला खाली बसवले, जखम पुसली आणि नडगी बोटांनी चाचपली.

"दुखतं?"

उदेभानने पंडितांकडे पाहिले. अपराध कबूल करावा तसा तो म्हणाला, "हो जी. लय दुखते."

"हाड शाबूत आहे. मुलगा उत्तम आहे. मग याच्यात कमी कशाची, पंडितजी?"

"वेदनेने हाक मारली की हा वळून पाहतो," पंडित शांतपणे म्हणाले. "गोऱ्या पलटणीचे खेळाडू चेंडू सोडून नडगी फोडतात. तिथे वळून पाहणारा हरतो. मी याचा द्वेष करत नाही, डॉक्टर. पुत्राहून याच्यावर माझा जीव अधिक आहे. म्हणूनच अपुरा पाठवणार नाही."

"आणि वेदना शिवूच नये, हे माणसाला साधतं?"

"साधते. आधी या पायांना साधले. मग हातांना."

डॉक्टरांच्या हातातला कापसाचा बोळा तसाच राहिला. ते पंडितांच्या भुवया झडलेल्या चेहऱ्याकडे पाहू लागले. रेल्वेत येण्यापूर्वी त्यांनी कुष्ठाश्रमात नोकरी केली होती.

"पंडितजी," ते अखेर म्हणाले, तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता, "माझीही एक परीक्षा आहे. डोळे मिटायचे. मी सुई लावीन. सहन करायचं नाही. लागली की नुसतं 'हं' म्हणायचं. खरं तेच सांगायचं."

"मी दुसरे काही बोलत नाही," पंडित मंद हसले. "उदेभान, जवळ ये. नीट पाहा. तुला जिथे पोहोचायचे आहे, ते ठिकाण पाहून घे."

पंडित पूर्वेकडे मुख करून बसले. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि डोळे मिटले. त्यांच्या मुखावर पूजेला बसलेल्या माणसाची प्रसन्नता होती.

डॉक्टर खाली वाकले.

केशोरावांची पावले आपोआप मागे सरली. रुख्माबाईने पदर तोंडाला लावला, लेकाचा दंड धरला आणि त्याला ओढत दूर नेले. पंडितांच्या करंगळीच्या बाजूने, रुतलेल्या सुईखालून, रक्ताचा बारीक धागा मनगटापर्यंत उतरला होता.

"विलंब का, डॉक्टर?" मिटल्या डोळ्यांनी पंडित म्हणाले. "आरंभ करा."