मिठाआधीचं पाणी

पाण्याच्या मशीनवर हिरवा दिवा जळत ठेवणाऱ्यांनो, हे तुम्ही केलं. दुसऱ्या कुणावर ढकलू नका. उन्हाळ्यावर नाही, व्होल्टेजवर नाही, प्रणितच्या हौसेवर तर मुळीच नाही.

रविवारची सकाळ. वरोऱ्यापासून आत, कोळशाच्या ट्रकांनी काळ्या केलेल्या रस्त्यावरच्या गावात, प्रणित आपल्या घरात काचेच्या टाकीपुढे उकिडवा बसला होता. टाकीत समुद्र होता. खारं पाणी, नागपूरहून जपून आणलेली जिवंत प्रवाळं, दोन केशरी मासे. दर रविवारी तो नळीने थोडं जुनं पाणी काढायचा आणि तेवढंच नवं भरायचा. नवं पाणी आदल्या दिवशीच तयार व्हायचं. गावच्या शुद्ध पाण्याच्या मशीनवरून कॅन आणायची, ड्रममध्ये ओतायची, समुद्री मीठ घालून छोट्या पंपाने फिरत ठेवायचं. टाकीतल्या पाण्याइतकं कोमट झालं की धार बारीक ठेवून सोडायचं. घाई केली की मासे बिथरतात.

पण उन्हाळ्यापासून प्रवाळं मिटत चालली होती. काचेवर तपकिरी शेवाळ चढत होतं. प्रणित घाबरला आणि जास्त पाणी बदलू लागला. रविवारचं काम बुधवारीही करू लागला. जितकं बदलावं तितकी ती आणखी मिटत गेली.

समोरच्या बाजेवरून त्याची आई, इंदुताई, सगळं पाहत होती. प्रवाळांना ती फुलंच म्हणायची.

"माह्ये फुलं आज बी नाई उघडले?"

"उघडतीन आई. पाणी बदलून राह्यलो ना."

"मी खरा समुद्र पाह्यला हाये बरं. सहा डिसेंबरले गेलो होतो तवा, दादरले. काळं पाणी होतं. तुहाच बरा."

ती हसली, आणि कमरेतून कळ आली तशी तोंड फिरवून पडली. तिला मुतखडे होते, एक किडनी बसत आली होती. डॉक्टरने बजावलं होतं, बोरचं पाणी बंद, मशीनचंच प्यायचं आणि भरपूर प्यायचं. चौकातल्या हापशीला तर सरकारी माणसाने लाल रंग मारूनच ठेवला होता, पिऊ नका म्हणून. तिचा त्रास वाढला तसे प्रणितने तिचे पेले वाढवले. नको नको म्हणायची, तरी उशाशी बसून पाजायचा.

त्याची बायको रंजीता चहाचं पातेलं, गंज, घेऊन बाहेर आली. गंज त्याच्या नाकापुढे धरला.

"हे पाहा जी. कालच घासला, आज पुन्हा पांढरं चढलं."

"मशीनचं पाणी हाये ते."

"मशीनचं हाये त पांढरं कुठून येते? माश्याच्या पाण्यात रोज मीटर घालून बसता. मिठाआधीचं पाणी कवा मोजलं?"

प्रणित चिडला. मशीन बसली तेव्हा मोजलं होतं की. काटेकोर मोजलं होतं, क्षारांचा आकडा जवळजवळ शून्य होता. मग रोज कशाला मोजायचं? दिवा हिरवा होता. दिवा लाल झाला की पाणी घेऊ नका, असं तुम्हीच तिथे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय.

तरी त्याने मीटर आणलं. कॅनमधून पेलाभर पाणी घेतलं आणि टोक बुडवलं. आकडा चढू लागला. थांबेचना. त्याने टोक बनियनला पुसलं, पुन्हा बुडवलं. तेच. मग तो चौकात गेला आणि लाल हापशीचं पाणी दुसऱ्या पेल्यात घेऊन आला.

दोन्ही पेल्यांत आकडा एकच होता.

मशीन सांभाळायला नथ्थू होता. प्रणितने त्याला फोन लावला.

"नथ्थूभाऊ, मशीनले काय झालं?"

"काऊन, पाणी नाई येऊन राह्यलं काय?"

"येऊन राह्यलं. बोरचं येऊन राह्यलं."

नथ्थू म्हणाला, "आतली जाळी कवाचीच फाटली भाऊ. उन्हाळ्यातच."

"अन् दिवा?"

"दिव्याची वायर अलग जोडून देल्ली. वरून सांगतलं मले, दिवा हिरवा ठेव, लोकायत बोंब नको. म्या दोनतीनदा जाऊन आलो. म्हणे, मंजुरी आली का लावू."

"तुमी कोणतं पेता?"

"तेच. माह्या घरचे बी तेच पेतेत." मग त्यानेच विचारलं, "इंदुबाई कशा हायेत आता?"

प्रणितने फोन ठेवला. ड्रममध्ये नवं खारं पाणी गोल फिरत होतं. त्याने पंपाची पिन काढली. पाणी हळूहळू थांबलं. टाकीतलं एक प्रवाळ तर पार पांढरं पडलं होतं, हाडासारखं.

"दुकानातून थंडा जार आणू काय?" रंजीताने हळूच विचारलं.

"तो बी मशीनवरच भरते."

"मंग वरोऱ्याहून आणा."

तो गाडीची किल्ली शोधू लागला. तेवढ्यात बाजेवरून आवाज आला.

"प्रणित, घसा सुकला रे. पाणी दे. अन् मोठा पेला दे बापा, नाई त मंग तूच चिडतं."

वरोऱ्याला जाऊन यायला वेळ आहे. घरात दोन पेले भरलेले आहेत, एक हापशीचा, एक मशीनचा. आई कोपरावर उठून बसली आहे, हात पुढे केला आहे.

मशीनची फीत कापून फोटो काढून घेणाऱ्यांनो, त्याने तिला यातला कोणता पेला द्यायचा? आत्ता सांगा.