साहेबांचं तोंड

ओपारेसाहेबांनी कागद उघडला आणि थेट राजाच्या डोळ्यांत बघून वाचायला सुरुवात केली, तसा अब्रेमासे गावचा सगळा दरबार एकमेकांकडे बघायला लागला.

असाबेआने मान खाली घातली. मोटारीत तिने दोनदा सांगितलं होतं, "साहेब, नाना म्हणजे राजे, त्यांच्याशी कुणी थेट बोलत नाही. शेजारी काठी घेऊन त्यांची ओच्यामे बसते, राजाचं तोंडच ती. तिला सांगायचं, ती राजाला सांगते." पण साहेब राजधानीत, अक्रात वाढलेले, त्यातून विलायतेला जाऊन आलेले. "तू नजराण्याच्या जिनच्या बाटल्या सांभाळ," ते म्हणाले होते. "बोलायचं मी बघतो. बाईच्या आवाजाला वजन नसतं."

कंपनीच्या जनसंपर्क खात्यात सात वर्षं हेच चाललं होतं. भाषणं असाबेआने लिहायची, मिरवायची साहेबांनी. खात्याच्या प्रमुखाची खुर्ची दोन वर्षं रिकामी होती. धूळ बसेल पण बाई बसणार नाही, हा साहेबांचा बाणा.

आणि आज तर गळ्याशी आलेलं. साहेबांच्या रसाच्या कारखान्याने रेडिओवर जाहिरात दिली, की अब्रेमासेची संत्री आंबट, म्हणून आम्ही साखर घालतो. असाबेआ नको नको म्हणत होती, पण ऐकतो कोण? गावाने संत्री देणं बंद केलं. चार दिवस यंत्रं नुसती उभी. आज राजाचा राग गेला नाही, तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार आणि नोकरी कुणाची जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"आपल्या गावाबद्दल आमच्या कंपनीला नितांत आदर..." साहेब वाचत होते. आजचा कागदही तिनेच लिहिलेला. शब्द न् शब्द पाठ.

ठक! ठक! सोनेरी मुठीची काठी जमिनीवर आपटली. ओच्यामे फोसुआ उठली. सत्तरीची बाई. चाळीस वर्षं राजाचा शब्द हिच्याच तोंडून बाहेर पडत आलेला.

"अंगात कोट आहे, पायात बूट आहेत," तिने साहेबांना खालीवर न्याहाळलं, "तोंड तेवढं घरी विसरून आला की काय?"

दरबार खदखदून हसला.

"पाहुण्याने आपलं तोंड बरोबर आणायचं, असा इथला नियम आहे. ती मागे बाटल्या धरून बसलीय ना, ती पोर चालेल. ऊठ गं! हा तुझ्या कानात सांगेल, तू मला सांग, मी नानांना सांगते."

नाना चार हातांवर तर बसले होते, आणि कानाने चांगले तिखट. पण रीत ती रीत.

साहेब तिच्या कानाशी लागले. "सांग, चूक जाहिरात करणाऱ्यांची. कंपनीची नाही."

असाबेआने बाटल्या खाली ठेवल्या. "माझे साहेब म्हणतात, चूक आमची. संत्री गोडच होती, आमची जीभ आंबट झाली होती."

म्हाताऱ्यांच्या रांगेतून हुंकार आला.

"मी असं कधी म्हणालो?" साहेब फुसफुसले. "आंबट आहेतच म्हणावं, एक सोलून बघा!"

"साहेब म्हणतात, ज्या रेडिओवर नाव घालवलं, त्याच रेडिओवर ते परत आणू. बागेतल्या बायकांनीच येऊन सांगावं, अब्रेमासेचं संत्र कसं असतं ते."

आता बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. नाना गालातल्या गालात हसले आणि फोसुआकडे झुकले.

"नाना म्हणतात," फोसुआने काठी उंचावली, "उद्या सकाळी ट्रक पाठवा."

बाहेर लोकांनी साहेबांचे हात धरून धरून हलवले. केवढा नम्र माणूस! किती गोड बोललात! साहेब असे फुगले, की हे सगळं आपणच बोललो असं त्यांना अर्धंमुर्धं खरंच वाटायला लागलं. मोटारीपाशी ते घसा खाकरून म्हणाले, "असाबेआ, सोमवारपासून त्या खुर्चीत तू बस. मी बोलतो बरा, पण तुझ्या तोंडून जास्त बरा ऐकू येतो."

असाबेआ निरोप घ्यायला पळतच परत आत गेली.

"आजी, तुमच्या त्या नियमाने माझं भलं केलं बघा."

"कसला नियम?" फोसुआ काठीच्या मुठीवरची धूळ पुसत होती. "आल्यागेल्याचं बोलणं मीच पोचवते की. पण तो मेला कागद वाचत होता ना, तेव्हा मागे तुझे ओठ हलत होते, पोरी. त्याच्या एक शब्द आधी."