तिप्पट

“मॅडम, खरा आकडा दिलात तर फाइल पुन्हा परत येईल,” सहायक गोडांबे म्हणाले. “कमी लिहा. पैसे संपतील तेव्हा आपल्या बदल्या झालेल्या असतील.”

भाकितयंत्र कधीच चुकत नसे. लष्कराच्या नव्या हेलिकॉप्टरांचा खर्च तिप्पट होणार, असं ते सांगत होतं. खरेदी अधिकारी मृण्मयीचा भाऊ हिमनदीवर जुनाट हेलिकॉप्टर उडवत होता. तिने कमी लिहिलं. समितीने लगेच मंजुरी दिली.

मग तिने सकाळी टाळलेला प्रश्न यंत्राला विचारला. “नवी हेलिकॉप्टरं कधी पोचतील?”

“पोचणार नाहीत. पैसा अर्ध्यातच संपेल.”

“खरा आकडा दिला असता तर?”

“मंजुरीच मिळाली नसती.”

भावाचा फोन आला. “ताई, मंजूर झालं म्हणे! आता हे डबडं अजून किती दिवस उडवू?”

“थोडेच दिवस रे,” ती म्हणाली.