पावणेदोन दिवसांचा सेकंद

मोर्चावर लाठ्या चालल्या आणि तासाभरात शहरभरचं इंटरनेट बंद झालं. फोटोग्राफर लेकीने सगळा प्रकार टिपला होता, पण व्हिडिओ बाहेर पाठवायचा कसा? टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या बाबांनी माळ्यावरून फोनच्या तारेतून फाइल पाठवणारा जुना मोडेम काढला आणि घरच्या फोनला जोडला. परगावच्या त्यांच्या मित्रानेही आपला मोडेम लावला.

लेकीने वेगाचा हिशोब मांडला आणि कपाळावर हात मारला.

"बाबा, डिस्कवरून हा व्हिडिओ एका सेकंदात कॉपी होतो. या तारेतून जायला पावणेदोन दिवस लागतील!"

"लागू देत."

"मध्येच लाईन तुटली तर?"

"जिथे तुटेल, तिथून पुढे पाठवू. पुन्हा तुटली, तर पुन्हा."

तिसऱ्या दिवशी सकाळी पोलीस अधिकारी दारात उभा राहिला.

"कॅमेरा जमा करा म्हणून सांगायला फोन करतोय, तर दोन दिवस एंगेज! एवढं कुणाशी बोलत होतात?"

बाबांनी दार सताड उघडलं.

"आमचं बोलून झालं, साहेब. आता तुमचा फोन वाजायला लागेल."